श्वास कापलेला आवाज

मित्रांनो, माझा आकार शर्टाच्या बटणाएवढा. त्यामुळे मला नीट पाहिलेलं कुणीच नसतं, पण माझ्यातून ऐकलेलं मात्र सगळ्यांनी असतं. मी एक जुना माइक आहे. मोठी माणसं मुलाखत देतात तेव्हा त्यांच्या कॉलरवर एक काळा ठिपका दिसतो ना, तो मी. हातात धरायचा माइक तोंडाशी असतो. मी छातीशी असतो. एवढा फरक ध्यानात ठेवा, कारण माझी सगळी गोष्ट त्या वीतभर अंतराची आहे.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. पांढरा कोट घातलेल्या एका बाईने भिंगाखाली माझा पडदा ताणून बसवला. तो कांद्याच्या सालीहूनही पातळ असतो. आवाज म्हणजे हवेची थरथर. ती माझ्या पडद्यापर्यंत आली की पडदाही थरथरतो आणि त्या थरथरीची वीज होते. मला एवढंच येतं. काय ऐकायचं आणि काय सोडून द्यायचं, हे मला निवडता येत नाही.

मग मला तपासणीच्या खोलीत नेलं. तिथे भिंतींवर, छतावर, दारावरसुद्धा जाड स्पंज होता. इतकी शांतता, की माणसाला स्वतःच्या रक्ताची सळसळ ऐकू यावी. तपासणारी मुलगी आत आली, तिने दार ओढून घेतलं आणि मला आयुष्यातला पहिला आवाज ऐकू आला. तिच्या छातीचे ठोके. फार घाईचे होते. बंद खोलीचा तिला धसका असावा. मग ती "हॅलो, हॅलो" म्हणाली, आणि तिचा आवाज अगदी सरळ, शांत होता. मी नवा होतो. आवाज एक सांगतो आणि छाती दुसरं, हा माणसांचा नियमच असेल असं मला वाटलं.

मला विकत घेतलं एका प्रसिद्धी कार्यालयाने. नामवंत लोकांची प्रतिमा तिथे घडवली जाई, म्हणजे लोकांनी त्यांच्याकडे पाहून काय म्हणायचं, ते आधीच तिथे ठरत असे. पाचव्या मजल्यावर दोन खोल्या होत्या. बाहेरच्या खोलीत हसऱ्या माणसांचे मोठाले फोटो. आतली खोली बिनखिडकीची. तिथे एक सोफा, एक दिवा आणि कारखान्यात होता तसाच स्पंज. तिला तालमीची खोली म्हणत.

कार्यालय चालवणाऱ्या बाईंना सगळे मॅडम म्हणत. बोलणं गोड, नजर तीक्ष्ण. सोफ्यावर आलेल्या प्रत्येक नव्या माणसाला त्या पहिल्याच दिवशी सांगत, "लोकांना माणूस लक्षात राहत नाही, शब्द लक्षात राहतो. तुमचा शब्द आपण ठरवू. आपण नाही ठरवला तर लोक ठरवतील, आणि तो तुम्हाला आवडणार नाही."

एका खेळाडूचा शब्द ठरला 'शांत'. प्रत्यक्षात तो गडी नखं अशी कुरतडायचा की मला तो आवाज उंदराचा वाटायचा. मॅडमनी त्याच्या बोटांना कडू औषध लावून त्याला तासन्‌तास बोलायला बसवलं. एका नटाचा शब्द ठरला 'साधा'. त्याने प्रवासात आपली बॅग आपणच उचलायची होती.

"बॅग जड वाटली पाहिजे," मॅडम म्हणाल्या.

"आणि माझ्या कमरेचं काय?" नट म्हणाला.

शेवटी बॅगेत दोन उशा भरल्या. आवाजाच्या यंत्राशी बसलेले काका इतके हसले की त्यांना कानावरचे हेडफोन काढावे लागले.

हे काका माझे सांभाळकर्ते. काम संपलं की ते मला मऊ फडक्याने पुसत, माझी वायर मोठं वेटोळं करून गुंडाळत, कारण बारीक पीळ पडला की आतली तार तुटते. मग मखमलीच्या डबीत ठेवत. "हा बारका फार गुणी आहे," ते कुणालाही सांगत. मला ते ऐकायला आवडायचं. कुणाला नाही आवडणार?

पण काकांचं एक काम होतं, ज्याने माझ्या पडद्यावर काटा यायचा. मुलाखत झाली की ते तिच्यातले श्वास काढून टाकत. वाक्यांच्या मधला श्वास, शब्दाच्या आधी आत ओढलेली हवा, आवंढा, सगळं. "श्वास ऐकू आला की माणूस घाबरलेलं वाटतं," असं मॅडमचं म्हणणं. कार्यक्रम थेट दाखवायचा असेल, तर काका यंत्रावरची एक कळ दाबत. त्या सोयीला ते फाटक म्हणत. माणूस बोललं की फाटक उघडायचं, थांबलं की मिटायचं. श्वास आणि ठोके माझ्यापर्यंत यायचे, माझ्याकडून यंत्रापर्यंत जायचे आणि फाटकावर अडून मरायचे.

असा कापलेला आवाज मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला कळेना, काय चुकतंय. शब्द स्वच्छ होते. हसू होतं. फक्त बोलणारं माणूस जिवंत आहे, याची खूण तेवढी नव्हती.

मग एक दिवस भिंगरी आली.

भिंगरी हे तिचं घरातलं नाव. लहानपणी ती एका जागी बसतच नसे, म्हणून आईने ठेवलेलं. वय असेल तेरा-चौदा. एका मालिकेत ती छोटं काम करत होती. तिच्या भूमिकेत एका गच्चीवरून दुसऱ्या गच्चीवर उडी मारायची होती. ती उडी मारायला दुसरी, उड्यांचं शिक्षण घेतलेली मुलगी आणली होती. पण कॅमेरा चालू असताना भिंगरीच धावत सुटली आणि तिने झेप घेतली. ती चित्रफीत घराघरात पोचली. लोक थक्क झाले. एवढीशी पोर आणि काय ही छाती!

तालमीच्या खोलीत मला तिच्या कॉलरला लावल्यावर मॅडमनी विचारलं, "बाळा, आता खरं सांग. का मारलीस उडी?"

"मागे कुत्रं लागलं होतं," भिंगरी म्हणाली.

"काय?"

"त्या इमारतीचं. काळं, मोठं. मला कुत्र्याची खूप भीती वाटते. पुढे काय आहे ते मी बघितलंच नाही."

काकांनी तोंडावर हात धरला. मॅडम मात्र हसल्या नाहीत. त्यांनी चित्रफीत पुन्हा लावली, पुन्हा पाहिली. "कुत्रं दिसत नाहीये," त्या हळूच म्हणाल्या. "उडी दिसतेय. कुत्रं अगदी शेवटच्या क्षणी कोपऱ्यात येतंय, ते कापता येईल." मग त्यांनी भिंगरीच्या गालाला हात लावला. "तुझा शब्द ठरला, राणी. निडर."

मित्रांनो, भीतीने मारलेल्या उडीतून एक निडर मुलगी तयार झाली, ती अशी. एक कुत्रं कापलं, बस्स.

तिच्याबरोबर तिची आई यायची. ती शाळांचे गणवेश शिवायची. बाहेरच्या खोलीत हसऱ्या फोटोंखाली ती हातात काहीतरी काजं-बटणं घेऊन बसे. भिंगरी जन्मली तेव्हा तिची फुप्फुसं कच्ची होती. आई काकांना म्हणाली होती, "पहिले कित्येक महिने मी झोपलेच नाही हो. पाळण्याशी कान लावून बसायचे. श्वास आला की पुढचा येईपर्यंत माझा थांबायचा. अजून सवय आहे. भिंतीपलीकडून मला कळतं, जागी आहे का झोपलीये."

आतल्या खोलीत काय चालतं, ते मात्र तिला कळत नव्हतं. दाराला स्पंज होता.

आत भिंगरीला निडर होणं शिकवलं जात होतं. घाबरलीस की जीभ वरच्या दातांना लाव, हनुवटी किंचित खाली घे, डोळ्यांपर्यंत हस. मॅडम मध्येच टेबलावर जाड पुस्तक आपटत. हसू मोडलं की पुन्हा पहिल्यापासून. ते जमल्यावर काकांना कुत्र्याच्या भुंकण्याचा आवाज लावायला सांगितला. आधी लांबून. मग जवळून. मग तिच्या पाठीमागेच ठेवलेल्या स्पीकरमधून.

"मॅडम, पोर आहे ती," काका एकदा म्हणाले.

"म्हणूनच आत्ता शिकतेय, काका. उद्या कुणी भर सभेत फटाका लावला आणि ही किंचाळली, तर दुसऱ्या दिवशी हिला कुणी विचारणार नाही. लोक किती क्रूर असतात, तुम्हाला माहीत नाही."

त्या खोटं बोलत नव्हत्या. एकदा माझी चाचणी घेताना त्यांनी मला स्वतःच्या साडीला लावलं होतं. त्यांच्या छातीतही घोडं दौडत होतं.

भिंगरी शिकली. पाठीमागे कुत्रं भुंके आणि ती फुलासारखी हसे. चेहऱ्यावरची रेषही हलत नसे. फक्त मी जिथे बसलो होतो, तिथे आत एक पाखरू भिंतीवर आपटत असे. मी ते ऐकायचो, वायरीतून पुढे पाठवायचो, आणि फाटक मिटलेलं असायचं.

तिचा पहिला सिनेमा आला. त्याच्या प्रसिद्धीसाठी मोठ्या मैदानात एक मनोरा उभारला. मनोऱ्याच्या माथ्यापासून मंचापर्यंत पोलादी तार ताणली होती. निडर मुलीने तारेवरच्या चाकाला पट्ट्याने लटकून सरसर खाली यायचं, मंचावर उतरायचं आणि हात हलवायचा. सगळीकडे थेट दिसणार होतं. तिचं वाक्यही ठरलं होतं: "भीती? ती कुठे राहते?"

तारेची जबाबदारी एका दोरवाल्यावर होती. रुंद खांद्यांचा, कमी बोलणारा माणूस. सरावाच्या दिवशी तो भिंगरीला म्हणाला, "पोरी, पट्टा तुटत नाही, तार तुटत नाही. तुटतात ती बोटं. घाबरलेलं माणूस खाली लटकल्यावर वर काहीतरी धरायला जातं आणि हात तारेवर टाकतं. मागून चाक येतं. म्हणून घाबरलेल्या माणसाला मी सोडत नाही. मी तोंड बघतो. तोंड बघितलं की मला कळतं."

त्याने तिचं तोंड बघितलं. ती हसली, डोळ्यांपर्यंत.

"हां, ही पोरगी तयार आहे," तो म्हणाला आणि त्याने सोडली.

त्या दिवशी मी तिच्या अंगरख्याच्या आत, छातीच्या हाडावर चिकटपट्टीने लावलेला होतो. तार गुणगुणत होती. वारा अंगरख्यात शिरून फडफडत होता. आणि अर्ध्या वाटेवर तिचा उजवा हात वर गेला. मला तो खसकन आवाज ऐकू आला. चाकाने हातमोजा फाडला होता. बोटं थोडक्यात वाचली. मंचावर उतरल्यावर तिने तो हातमोजा मुठीत दडवला, दुसऱ्या हाताने सगळ्यांना टाटा केला.

कपडे बदलायच्या तंबूत आईने तो उलगडला. "हे कसं फाटलं गं?"

"खिळ्याला अडकलं."

आई शिवणकाम करणारी बाई. खिळ्याने फाटलेलं कापड आणि चिरडलेलं कापड यांतला फरक तिला न कळायला काय झालं? हातमोजा तिने पर्समध्ये ठेवला. मी होतो तिथूनही मला पर्सची चेन लागल्याचा आवाज आला, सावकाश, अडखळत.

कार्यक्रमाच्या दिवशी मैदान भरून वाहत होतं. लहान मुलं बापांच्या खांद्यावर बसली होती. मला पुन्हा छातीच्या हाडावर चिकटवलं. भिंगरी मनोऱ्याच्या लोखंडी जिन्याने वर चढू लागली, आणि प्रत्येक पायरीगणिक तिचा श्वास आखूड होत गेला. माथ्यावर पोचेपर्यंत तो श्वास उरलाच नव्हता, नुसते हिसके होते. कंठात ओला, अडकलेला आवाज. ठोके एकमेकांवर चढत होते. मी कितीतरी माणसांच्या छातीशी बसलो आहे, पण असं काही मी ऐकलं नव्हतं. मला वाटलं, माझा पडदा फाटेल. ओरडावंसं वाटलं. पण मी आवाज घेणारा आहे, काढणारा नाही.

खाली मंचाशेजारी काकांचं यंत्र होतं; तिथे काय घडलं, ते मला मागाहून त्यांच्या बोलण्यातून कळलं. मॅडम तिथेच बसल्या होत्या. भिंगरीच्या कानात एक इवलासा गोळा होता, त्यातून त्या तिला सूचना देत. "छान, राणी. हनुवटी खाली. जीभ दातांना. हस."

दोरवाल्याने पट्टे आवळले, ओढून पाहिले, आणि तिच्या तोंडाकडे बघितलं.

ती हसली.

"तयार?" त्याने विचारलं.

"तयार," भिंगरी म्हणाली. त्या एका शब्दापुरतं फाटक उघडलं आणि मिटलं. काकांच्या हेडफोनमध्ये तो शब्द काचेसारखा स्वच्छ उतरला.

तेवढ्यात आई यंत्रापाशी आली. तिला तिथे यायची परवानगी नव्हती, पण ती आली. "काका, मला ऐकू द्या," ती म्हणाली आणि उत्तराची वाट न बघता तिने त्यांचे हेडफोन काढून स्वतःच्या कानाला लावले.

माथ्यावर दोरवाला भिंगरीला शेवटचं काहीतरी समजावत होता. भिंगरी म्हणाली, "हो, कळलं. हात खाली." फाटक उघडलं, मिटलं. नंतर काहीच नाही. नुसती पोकळी.

आईचा चेहरा पांढरा पडला.

"ही श्वास घेत नाहीये," ती म्हणाली.

"घेतेय हो ताई. आपण तो कापतो. यंत्रात सोय असते."

"कुणाचा श्वास कापता?"

"ताई, प्लीज," मॅडम म्हणाल्या, "सगळीकडे थेट चालू आहे."

"माझ्या लेकीचा श्वास मला परत द्या," आई म्हणाली. ती ओरडली नाही. पर्स उघडून तिने फाटका हातमोजा यंत्रावर ठेवला. "काका, तुम्हाला हात जोडते."

काकांनी हातमोजा पाहिला. मग मॅडमकडे पाहिलं. मग त्यांनी फाटकाची कळ सोडली.

आता एक गोष्ट काका त्या घाईत विसरले. भिंगरी माथ्यावरून लोकांशी बोलणार होती, म्हणून माझा आवाज आधीच मैदानातल्या भल्यामोठ्या स्पीकरना जोडलेला होता. फाटक उघडलं, आणि मी इतक्या वर्षांत ऐकलेलं, पण कुणालाही न पोचलेलं सगळं मैदानभर पसरलं. आधी लोकांना वाटलं, वारा सुटलाय. मग वाटलं, यंत्र बिघडलं. मग तो आवाज कळला. ते एका मुलीचं धापा टाकणं होतं, आणि त्याच्या खाली धडधड, धडधड. गर्दीचा गलका विरला. बापांच्या खांद्यांवरची मुलं खाली वाकून बापांच्या गळ्याला बिलगली.

आईने मॅडमच्या समोरचा माइक ओढून घेतला. "भिंगरे," ती म्हणाली, "मी आहे गं. इथेच आहे."

वर भिंगरीचं हसू अजून तसंच होतं. ते काढायचं कसं, हे तिला शिकवलंच नव्हतं. त्या हसऱ्या तोंडातून शब्द आले, तुटक, फाटके, "आई... मला भीती वाटतेय."

सगळ्या मैदानाने ते ऐकलं. दोरवाल्याने एक शिवी हासडली, तीही मैदानाने ऐकली, आणि त्याने झटक्यात पट्टे सोडवून तिला तारेपासून मागे ओढलं. "हसत होतीस ना गं!" तो पुटपुटत होता. "हसत होतीस!" आपल्या नजरेवर त्याचा सगळा धंदा उभा होता.

भिंगरी जिन्याने उतरली. आई अर्ध्या जिन्यात तिला भेटली. त्या मिठीत मी मधोमध चेंगरलो आणि मला धन्यता वाटली. वाटलं, संपलं एकदाचं.

मित्रांनो, मी यंत्र आहे. माणसं कुठवर जाऊ शकतात, याचा अंदाज मला नाही.

दुसऱ्या दिवशी मॅडम काळवंडल्या चेहऱ्याने फोन घेत होत्या. निडर मुलगी जिन्याने उतरली! पण दुपारपर्यंत वारा फिरला. लोक हळहळत होते, रडत होते, आपापल्या भीतीच्या गोष्टी लिहून पाठवत होते. ही तर आपल्यातलीच आहे, म्हणत होते. मॅडमनी ते सगळं वाचून काढलं. मग त्यांनी भिंगरीला आणि आईला बोलावून घेतलं.

"तुम्ही आमचे डोळे उघडलेत, ताई," त्या आईला म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते खरंही असावं. "आता हिने काहीच लपवायचं नाही. जे वाटतं, ते बोलायचं. फक्त खरं."

आईचा जीव भांड्यात पडला. तिने मान डोलावली.

आतल्या खोलीत मॅडमनी भिंगरीच्या गालाला हात लावला. "शब्द बदलला, राणी. निडर गेलं. आता तू 'खरी'."

आणि तालीम सुरू झाली. "आई, मला भीती वाटतेय." पुन्हा. "आई म्हटल्यावर अर्धा श्वास थांब." पुन्हा. "आवाज शेवटी फुटू दे, पण शब्द कळला पाहिजे." पुन्हा. "काका, श्वास कापू नका हं आता. कमी पडला तर वाढवा." मनोऱ्यावरचा तो श्वास काकांनी जपून ठेवला होता. मुलाखतीत तिचा श्वास पुरेसा थरथरला नाही, की ते तोच श्वास तिथे चिकटवत. चिकटवताना ते माझ्याकडे बघत नसत. मला पुसणंही त्यांनी सोडलं होतं. माझी वायर आता कशीही कोंबली जाई, आणि माझ्या डोक्यावरचा स्पंजाचा टोप कधीच हरवला होता.

भिंगरी ते वाक्य मंचावर म्हणाली, शाळांत म्हणाली, दिव्यांच्या उजेडात म्हणाली. लोक रुमाल काढत. आणि मी छातीशी बसून ऐकत असे. आवाज थरथरत होता, श्वास अडखळत होता, आणि आतले ठोके संथ होते, भिंतीवरच्या घड्याळासारखे. मनोऱ्यावर मी घाबरलो होतो. पण ते संथ ठोके ऐकून मला जे वाटलं, त्याला भीतीपेक्षा मोठा शब्द माझ्याकडे नाही.

मग मॅडमनी पुढचं पाऊल सांगितलं. लोकांना आता भीतीवर मात बघायची होती. तोच मनोरा, तीच तार. या वेळी भिंगरीने ते वाक्य म्हणायचं, डोळे पुसायचे आणि सरसर खाली यायचं.

"मजा येईल!" भिंगरी म्हणाली. हसली, डोळ्यांपर्यंत.

त्या दिवशी निघताना काकांनी तिच्या कमरेला लावलेलं, मला वीज देणारं छोटं यंत्र काढून घेतलं आणि मला काढायचं राहून गेलं. वायर अंगरख्यात लोंबत होती. वीज नव्हती, मी कुणाला काही कळवू शकत नव्हतो. पण पडदा हवेने हलतो, विजेने नाही. मी ऐकत होतो.

घरी आई शिवणयंत्रावर गणवेशांची थप्पी संपवत होती. खोलीत कापडाचा, तेलाचा वास असावा. मला फक्त यंत्राची टकटक ऐकू येत होती. भिंगरी दारात उभी राहिली.

"आई," ती म्हणाली. अर्धा श्वास थांबली. "मला भीती वाटतेय." शेवटी आवाज फुटला, पण शब्द कळला.

आईने मान वर केली नाही. "घरी तरी नको गं ते," ती थकून म्हणाली. "दिवसभर तेच ऐकते मी."

"नाही, आई..." अर्धा श्वास. "मला भीती वाटतेय."

"भिंगरे, पुरे म्हटलं ना!"

मित्रांनो, त्या क्षणी तिच्या छातीत काय चाललं होतं, ते त्या घरात मलाच ठाऊक होतं. ते पाखरू परत आलं होतं. भिंतीवर आपटत होतं, मनोऱ्यावर आपटलं त्याहून जोरात. ती खरंच सांगत होती. पण सांगायला तिच्याकडे ते एकच वाक्य उरलं होतं, आणि ते वाक्य असंच म्हणायचं असतं, असं तिच्या जिभेला पक्कं शिकवलेलं होतं. तिने ते तिसऱ्यांदा म्हटलं. तसंच. जसंच्या तसं. मग तिला स्वतःलाच ते ऐकू आलं, आणि ती बोलायचीच थांबली.

शिवणयंत्र टकटकत राहिलं. मग मंदावलं. मग थांबलं.

आई उठून आली. तिने लेकीच्या तोंडाकडे बघितलं. तोंड हसत होतं. आवाजावर विश्वास नाही, तोंडावर विश्वास नाही, श्वाससुद्धा शिकवलेला. मग आई गुडघ्यांवर बसली आणि पाळण्याशी लावायची तसा कान तिने भिंगरीच्या छातीला लावला. अगदी माझ्या शेजारी. तिच्या कानातलं माझ्यावर आपटून टिक्‌ वाजलं.

आम्ही दोघांनी मिळून ऐकलं.

किती वेळ, ते सांगता येत नाही. शेवटी आई इतकंच म्हणाली, "नाही जायचं."

मॅडमचा फोन आला. "ताई, लोक वाट बघताहेत."

"बघू देत," आई म्हणाली.

अंगरखा धुवायला काढताना मी तिच्या हाती लागलो. तिने मला बराच वेळ तळहातावर धरून ठेवलं, आणि मग बटणांच्या डब्यात टाकलं. मी अजून तिथेच आहे. माझा चिमटा गंजलाय, वायरीची तार आतून तुटलीय. भिंगरी शाळेत जाते. लोक तिला विसरले. ती अजून फारशी बोलत नाही. बोलायला लागली की मध्येच थांबते, आपण कसं बोललो ते तपासते, आणि गप्प होते. आई घाई करत नाही. कान लावते.

पलीकडच्या खोलीत कुणी टीव्ही लावतं, तेव्हा मात्र डब्यातल्या डब्यात मला कापरं भरतं. कुणीतरी नवीन मूल बोलत असतं. गोड, स्वच्छ, हसरं. मी जिवाचा कान करून ऐकतो. शब्दांच्या मध्ये काहीच नसतं.

मित्रांनो, माझ्यासारख्यांना निगुतीने वापरा, वायर मोठ्या वेटोळ्यात गुंडाळा, एवढं सांगून मी थांबलो असतो. पण आणखी एक मागणं आहे. कुणी तुम्हाला तेच ते वाक्य पुन्हा सांगितलं, पाठ केल्यासारखं, हसत हसत, तर कंटाळून मान फिरवू नका. यंत्र थांबवा. जवळ जा. मला आता ऐकून कुणाला कळवता येत नाही. तुम्हाला येतं.